बेचाळीसचे दहा

रुद्रप्पांच्या डेअरीवरचा भोंगा तसा चांगल्या कामासाठी बसवलेला होता. टँकर उशिरा येणार असेल, सरकी पेंडीची पोती आली असतील, जनावरांना लस टोचायला डॉक्टर यायचा असेल, की उत्तरेश्वर माईक तोंडाशी धरायचा आणि वेशीपासून पार खालच्या वस्तीपर्यंत सगळ्यांना कळायचं. पण रुद्रप्पांनी त्या भोंग्याला आणखी एक काम लावून दिलं होतं. ज्याच्या दुधाची फॅट ठरवलेल्या रेषेखाली उतरेल, त्याचं नाव भोंग्यावरून पुकारायचं. माणूस कायद्याला भीत नाही, शेजाऱ्याला भितो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. हा नियम आल्यापासून गावाच्या दुधातलं पाणी आटलं होतं. एकदा तर त्यांनी स्वतःच्या चुलतभावाचं नाव पुकारायला लावलं. दोन्ही घरांत बोलणं बंद पडलं, पण नियम मोडला नाही.

त्या सकाळी पुकारलेलं नाव ऐकून मात्र वीरेशच्या हातातला चहा हातातच राहिला. वीरेश हा रुद्रप्पांचा मुलगा. त्याचं वडवणीला बसस्टँडमागं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि रोज तो गावाहून मोटरसायकलवर तिकडं जायचा. तो निघायच्याच बेतात होता.

"दगडाबाई आश्रुबा ओव्हाळ," भोंगा म्हणाला. "फॅट एक पॉइंट शून्य. उद्यापास्नं दूध बंद."

भोंग्याला घसा खाकरायची सवय होती. तो खाकरला आणि तेच पुन्हा एकदा म्हणाला.

दगडाबाई खालच्या वस्तीत राहायची. नवरा आश्रुबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन जर्सी गाई होत्या, आणि त्यांच्या दुधावर तिनं मुलगा अनिल आणि मुलगी पंचशीला यांना शिकवलं होतं. तिचं दूध कधी चारच्या खाली आलेलं वीरेशला आठवत नव्हतं. गावात कुणाच्या दुधाचं नाव निघालं की लोक म्हणायचे, दगडाबाईसारखं असावं. त्याच गावानं आता दारात येऊन कान टवकारले होते, आणि खरं सांगायचं तर काहींच्या तोंडावर मजा होती. चांगल्याचं नाव मातीत जाताना बघण्यात माणसाला काय सुख मिळतं ते देव जाणे.

दगडाबाई डेअरीत आली तेव्हा अंगावर घरातलंच लुगडं होतं आणि हाताला शेण तसंच होतं. ती थेट रुद्रप्पांसमोर उभी राहिली.

"आप्पा, माजं नाव कावून घेतलं?"

"म्या न्हाई घेतलं, दगडाबाई. मशीननं घेतलं."

"मशीनला तोंड हाय व्हय? भोंगा तर तुमचा हाय."

रुद्रप्पा उत्तरेश्वरकडं वळले. उत्तरेश्वर रोज दूध तपासायच्या यंत्राशी बसायचा. दुधाचा थेंब यंत्रात गेला की आकडा तारेतून आपसूक शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये जायचा. पूर्वी चिठ्ठी जागेवर मिळायची. पण लाइन फार लांबायची, टँकरवाला कावायचा, म्हणून रुद्रप्पांनीच सगळ्या चिठ्ठ्या शेवटी एकदम काढायची पद्धत पाडली होती. चिठ्ठी हातात पडेपर्यंत सगळ्यांचं दूध एका टाकीत गेलेलं असायचं. परत तपासायचं म्हटलं तर कुणाचं दूध कुठलं, हे प्रत्यक्ष महादेवालाही सांगता आलं नसतं.

"म्या काय बगितलं न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "कॅन बघू का आकडा बघू? आकडा आपला आत जातोय."

वीरेश तोवर पोहोचला होता. दगडाबाईला तो लहानपणापासून मावशी म्हणायचा. तिला वाचवावं म्हणून तो घाईनं कॉम्प्युटरवर बसला आणि तिची त्या दिवसाची नोंद उघडली. फॅट दहा, म्हणजे एक पॉइंट शून्य. पण फॅट सोडून दुधातलं बाकीचं जे घट्ट असतं, ते अगदी रोजच्यासारखं होतं. वीरेशला हायसं वाटलं.

"आप्पा, पानी न्हाई मिसळलेलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पानी असतं तर हे बी उतरलं असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागं उभे असलेले सुंदरराव, ज्यांना दुसऱ्याच्या पंचाईतीशिवाय सकाळचं दूध पचत नसे, ते लगेच म्हणाले, "पानी न्हाई ना? मंग साय काढली. रातच्या दुधावरली साय काढायची आन् खालचं सकाळच्यात मिसळायचं. लेक बाळंतपनाला आलीया न्हवं? तिला तूप लागतंच की."

पंचशीला बाळंतपणाला माहेरी आली होती हे गावाला ठाऊक होतं. सगळे एकदम गप्प झाले. या गप्प बसण्यालाही अर्थ असतो, आणि तो समोरचा माणूस बघून बदलतो. सुंदररावांच्याच भावकीतल्या कुणाची फॅट उतरली असती, तर चार जण म्हणाले असते, अरे मशीनचं काहीतरी बघा. खालच्या वस्तीतल्या बाईसाठी तसं कुणी म्हणालं नाही. दगडाबाईनं सगळ्यांकडं एक नजर फिरवली आणि तिला हे न सांगता कळलं.

रुद्रप्पा निर्दयी नव्हते. त्यांना आपल्या परीनं एक वाट सुचली, आणि गावाच्या हिशेबानं ती मोठ्या मनाचीच होती. ते म्हणाले, "दगडाबाई, लई बोलाचाली नको. सोमवारी महादेवाच्या देवळात या. बेलभंडार उचला, म्हना म्या साय काढली न्हाई. मंग मशीन काय बी म्हनू दे, आमी तुमचं खरं धरू."

हातात बेलाची पानं आणि भंडारा घेऊन माणूस जे बोलेल ते खरं, ही गावाची जुनी रीत. बांधाचे, सोयरिकीचे, चोरीचे कितीतरी तंटे त्या देवळात असे मिटले होते. रुद्रप्पांना वाटलं, बाई आता हात जोडेल.

"आमी बेलभंडार उचलीत नसतो," दगडाबाई म्हणाली.

"आवो, एवढं एकदा..."

"माज्या सासऱ्यानं छप्पन साली देव शिवंला सोडले, आप्पा. आता दुदापायी पुन्ना हातात घिऊ? म्या तोंडानं सांगते, साय काढली न्हाई. तोंडाचं खरं धरायचं तर धरा."

ती निघून गेली. आणि रुद्रप्पांची ती चांगली वाटच तिच्या विरुद्ध साक्ष झाली. संध्याकाळपर्यंत पारावर, पिठाच्या गिरणीत, टपरीवर एकच बोलणं होतं. मनात काही नसतं तर उचलायला काय झालं होतं? खाई त्याला खवखवे. शपथ नाकारणारी बाई खोटी असलीच पाहिजे, असा गावाचा हिशेब होता. नाकारण्यात तिचं सगळ्यात मोठं खरं होतं, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

वीरेशनं त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. डेअरीतल्या पत्र्याच्या खोलीत तो त्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिला. वैशाखाची आग वरून पत्र्यावर पडत होती आणि खोली भट्टीसारखी तापली होती. हा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता, आतला प्रोग्रामही त्यानंच लिहिला होता. त्यानं आधी आपला प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. त्यात खोट सापडली नाही. मग तो दगडाबाईच्या मागच्या नोंदी बघत बसला. बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. त्याच्या प्रोग्राममध्ये दशांशचिन्ह नव्हतं, चार पॉइंट दोन फॅट ही बेचाळीस म्हणून साठायची. आणि त्या दिवशी दहा.

बेचाळीस आणि दहा. तो दोन आकड्यांकडं बघत राहिला आणि एकाएकी एका चिठ्ठीच्या पाठीवर बेचाळीस फोडून मांडायला लागला.

कॉम्प्युटरच्या मेमरीत आकडा म्हणजे दिव्यांची एक ओळ असते असं समजा; अशा एका दिव्याला बिट म्हणतात. प्रत्येक दिव्याला आपली किंमत असते: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. बेचाळीस लिहायचे तर बत्तीसचा, आठाचा आणि दोनाचा दिवा लावायचा. बाकीचे विझलेले. आता त्यातला बत्तीसचा एकच दिवा आपोआप विझला, तर काय उरतं? आठ आणि दोन. दहा.

एक दिवा. कधी फार उष्णतेनं, कधी चिपमधल्या बारीक खोटीनं, तर कधी आभाळातून आलेल्या एखाद्या कणानं असा दिवा पालटतो. क्वचित होतं, पण होतं. आणि त्यावर इलाजही आहे. ईसीसी नावाची मेमरी असते. ती प्रत्येक ओळीसोबत जास्तीचे दिवे साक्षीदार म्हणून ठेवते. एक दिवा बिघडला तर ती ओळखते आणि नीट करते. दोन एकदम बिघडले तर दुरुस्त करता येत नाही, पण ती ओरडते, मशीन थांबवते, चुकीचा आकडा पुढं जाऊ देत नाही.

हे वीरेशला तेव्हाही माहीत होतं. डेअरीचा कॉम्प्युटर जोडायच्या वेळी त्याची थोरली बहीण प्रणिता, जी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, तिनं फोनवर सांगितलं होतं, लोकांचा आकडा ठेवणार असशील तर ईसीसी घे. वीरेश हसला होता. "अक्का, दूध मोजायचंय, उपग्रह सोडायचा न्हाई. बैलगाडीला इमानाचं टायर कशाला?" दुकानातही कुणी विचारलं तर तो हेच वाक्य टाकायचा, आणि गिऱ्हाईक हसायचं. वाक्य खरोखर चांगलं होतं.

संध्याकाळी त्यानं बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मेमरी टेस्ट लावलीस का?" प्रणितानं विचारलं.

"दुपारपास्नं चालूच हाय. एकबी चूक सापडंना."

"सापडणार पण नाही कदाचित. एकदाच पालटलेला बिट मागं काही ठेवत नाही."

"म्हंजे मेमरीच चुकली असं म्हनता येतंय ना?"

"नाही रे. चुकली असू शकते एवढंच म्हणता येतं. यंत्रात हवेचा बुडबुडा आला असेल, तारेत काही झालं असेल. किंवा खरंच साय काढली असेल."

"बेचाळीसचे बरोबर दहा व्हत्यात, अक्का. एकच बिट."

"दहा हा आकडा दुसऱ्या कारणानं पण येऊ शकतो. मला विचारशील तर लाखात एखाद्या घरी होणारी गोष्ट आहे. म्हणून तर लोक घरी ईसीसी घेत नाहीत, आणि त्यांचं काही फारसं बिघडत पण नाही. पण ती असती तर तुला आज एक तरी कळलं असतं, मेमरी की दुसरं काही."

फोन ठेवल्यावर वीरेशला घाम पुसायचीही शुद्ध नव्हती. त्याला सुटका हवी होती आणि हातात आलं होतं 'असू शकतं'. त्याहून वाईट म्हणजे, प्रणिताचं शेवटचं कारण त्याच्या मनात रुतून बसलं. किंवा खरंच साय काढली असेल. लेक बाळंतीण, उन्हाळा, घरात तूप नाही. एका दिवसाचा मोह कुणाला होत नाही? हा विचार आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. लहानपणी बापाच्या माराला भिऊन तो ज्या घरात लपायचा, ते घर दगडाबाईचं होतं.

रात्री जेवताना त्यानं वडिलांकडं विषय काढला.

"आप्पा, मशीन चुकलं असंल."

रुद्रप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "चुकलं का असंल?"

"असंल."

"मंग ऱ्हाऊ दे. असंल म्हनलं की उद्या सगळं गाव डेअरीत ईऊन बसतंय. ज्याची ज्याची फॅट उतरली त्यो त्यो म्हनंल, मशीन चुकलं असंल. म्या कुनाकुनाला तोंड देऊ? हे मशीन तूच आनलंस. तवा म्हनलास, मानूस चुकतो, मशीन चुकत न्हाई. म्या ते साऱ्या गावाला सांगितलं. तुज्या शब्दावर म्या भावाचं नाव पुकारलं, बे!"

वीरेशला हे ठाऊक होतं, पण कानांनी ऐकताना ते वेगळं लागलं. चुलत्याचं नाव पुकारलं त्या दिवशीचा आकडा तरी खरा होता का? आता कोण सांगणार? त्यानं ताटावरून हात मागं घेतला. आई त्याच्याकडं बघत राहिली, पण वाढायला पुढं झाली नाही.

सोमवारी देवळाच्या मंडपात माणसं जमली. दगडाबाई येणार नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. अनिल मात्र आला होता. तो मंडपात शिरला नाही, बाहेर लिंबाखाली मोटरसायकलला टेकून उभा राहिला. बीडला एका दवाखान्यात औषधांचं बघणारा तो शांत मुलगा, आणि वीरेशचा शाळेतला मित्र. त्या दिवशी त्यानं वीरेशकडं ओळखीनं बघितलं नाही.

वीरेश उठला. आपण काय सांगायचं हे त्यानं मनात बसवलं होतं. मेमरी म्हणजे काय, दिवा कसा पालटतो, त्यामुळं आकडा चुकू शकतो, म्हणून बाईचं नाव पुकारणं चूक होतं. तो दिव्यांपर्यंत आला आणि मागून कुणीतरी जांभई दिली.

"दिव्याचं ऱ्हाऊ दे बे," सुंदरराव म्हणाले. "मशीन चुकलं का न्हाई चुकलं, एक काय ते सांग."

"चुकू शकतंय..."

"शकतंय काय? म्या बी आमदार व्हऊ शकतोय!"

मंडप हसला. बाहेर अनिलनं मोटरसायकलची चावी खिशातून काढली.

रुद्रप्पा हसले नाहीत. ते मुलाकडं टक लावून बघत होते. मग त्यांनी गुरवाला खूण केली आणि बेलभंडाराचं ताट पुढं आलं. "दगडाबाई उचलीत न्हाई, तो तिचा धर्म हाय," ते म्हणाले. "पर तुजा तर हाय न्हवं? मशीन तुजं. तुला मशीनमधलं कळतंय. उचल. मशीन चुकलं म्हन. म्या आत्ताच्या आत्ता भोंग्यावर माफी मागतो."

गळ्यातलं इष्टलिंग वीरेशला त्या क्षणी जड लागलं. या देवळात, या ताटासमोर त्याच्या आज्यानं, पणज्यानं शब्द दिलेले होते. खरं सांगायचं तर 'मला ठाऊक नाही' एवढंच खरं होतं. पण ठाऊक नाही म्हणणाऱ्याला या ताटात जागा नव्हती. तिथं होय होतं नाहीतर नव्हे होतं. आणि नव्हे म्हटलं असतं, तर एक बाई जन्मभर साय चोरणारी म्हणून ओळखली गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी. नव्हे, चोर तरी कुठं सापडला होता?

त्यानं बेल आणि भंडारा उचलला.

"दगडामावशीची फॅट बरूबर हुती," तो म्हणाला. आवाज ठणठणीत निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मशीन चुकलं."

सगळं मिटलं. इतकं पटकन मिटलं की वीरेशला भीती वाटली. रुद्रप्पा शब्दाचे पक्के. ते तिथून उठून सरळ डेअरीत गेले आणि उत्तरेश्वरच्या हातून माईक घेऊन स्वतः बोलले. दगडाबाईंचं दूध खरं हाय, चूक आमची हाय, त्यांनी उद्यापासून दूध घालावं. त्यांच्यासाठी शपथ म्हणजे शपथ होती, तिच्या आत डोकावून बघायचं त्यांना कधी शिकवलं नव्हतं. आपला मुलगा देवासमोर अंदाज बोलला, हे त्यांच्या मनात आलंही नसेल. वीरेशला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

सुंदररावांनी मात्र दुसऱ्याच तासाला डेअरी गाठली आणि होळीच्या आधी आपलीही फॅट कमी लागली होती, तीही मशीनचीच चूक, असं सांगून ठाण मांडलं.

दुपारी वीरेश दगडाबाईच्या घरी गेला. बातमी तिला भोंग्यानं कधीच दिली होती. ती गोठ्यात कडबा तोडत होती. आतून पंचशीलाच्या बाळाचं रडणं येत होतं. ती उठली नाही, पण विळा खाली ठेवला.

"अनिलनं सांगितलं," ती म्हणाली. "देवाम्होरं बोललास म्हन माज्यासाठी."

"व्हय मावशी. आता कुनी काय म्हनायचं न्हाई."

"लई उपकार झाले, लेकरा." तिनं खरंच मनापासून म्हटलं, आणि तिथंच हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ती त्याच्याकडं बघत होती. "एक इचारू? मशीन खरंच चुकलं का?"

देवासमोर झटकन उघडलेलं तोंड इथं उघडेना. वीरेशनं गायीकडं बघितलं, दावणीकडं बघितलं. होय म्हणायचं एवढं सोपं होतं. सकाळी म्हटलंच होतं.

"ठावं न्हाई, मावशी."

दगडाबाईनं हाताला लागलेली कडब्याची धूळ झटकली.

"मंग हेच तितं कावून न्हाई सांगितलं?"

"कुनी ऐकून घेतलं नसतं."

"नसतं घेतलं. पर तुमाला कुनालाच ठावं न्हाई, तर माजं नाव कावून घेतलं, ह्ये तरी कुनी तरी इचारलं असतं." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला, आत बाळंतीण होती. "तू खोटी शपत घेतलीस माज्यापायी. म्हंजे तुला बी वाटलं, हिचं खरं नुसतं सांगून भागायचं न्हाई."

"तसं न्हाई..."

"तुला काय वाटलं, सांग की. म्या साय काढली आसंल?"

तो "न्हाई" म्हणाला. पण म्हणायच्या आधी एक श्वासभर थांबला. ते थांबणं दोघांनाही ऐकू आलं. दगडाबाईनं विळा उचलला आणि ती पुन्हा कडबा तोडू लागली. वीरेश निघाला.

त्याच आठवड्यात त्यानं जुना कॉम्प्युटर उचलला आणि संभाजीनगरहून नवा आणला. सर्व्हरचा बोर्ड, ईसीसी मेमरी. खोलीच्या छतावर ओलं गोणपाट घातलं, पंखा लावला, चिठ्ठी पुन्हा जागेवर देण्याची सोय केली. पडदा आतून बाहेर, लाइनीकडं फिरवला, म्हणजे ज्याचा आकडा त्याला दिसेल. रुद्रप्पांनी विचारलं, "ह्ये चुकंल का?" वीरेशनं या वेळी जपून उत्तर दिलं. "मेमरी चुकली तर ती सोता सांगंल, आप्पा." रुद्रप्पांचं समाधान झालं. त्यांनी नव्या मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जाहीर केलं की आता मशीनचं नाव पुढं करून कुणी वाद घालायचा नाही. सुंदरराव तोंड पाडून घरी गेले.

वीरेशचं दुकानात मन लागत नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी तो स्वतः यंत्राशी बसला. लाइन हलत होती, थेंब आत जात होते, आकडे पडद्यावर उमटत होते. लोकांना गंमत वाटत होती. जो तो आपला आकडा मोठ्यानं वाचून दाखवत होता.

लाइनीत दगडाबाई दिसली. तिनं दूध बंद करावं, दुसऱ्या गावच्या डेअरीला घालावं, असं अनिलचं म्हणणं होतं, पण ती आली होती. डोक्यावर पदर, हातात कॅन. पुढच्यामागच्यांनी तिला अदबीनं जागा दिली, जरा जास्तच अदबीनं.

तिचा नंबर जवळ येऊ लागला तसा वीरेश यंत्राची नळी पुन्हा पुन्हा पुसू लागला. का, ते त्याला आधी कळेना. मग कळलं. आता आकडा उतरला तर मेमरीचं नाव घेता येणार नव्हतं. बेचाळीसचे दहा आपोआप होणार नव्हते. त्यानं एवढी धावपळ करून, चांगलं मशीन आणून, मावशीच्या बाजूनं बोलायला उरलेली ती एक फट स्वतःच्या हातानं बुजवली होती. आज कमी लागलं तर गाव ते तिचंच धरणार होतं. आणि कमी लागेल, असं त्याला वाटत होतं. त्याला नको होतं, तरी वाटत होतं.

दगडाबाईनं दूध ओतलं. वीरेशनं थेंब घेतला. यंत्र घुमलं, आणि पडद्यावर आकडा उमटला. चार पॉइंट एक.

वीरेशचा कोंडलेला श्वास सुटला. फार मोठा सुटला. शेजारी उभा असलेला उत्तरेश्वरही वळून बघू लागला.

पडदा बाहेरच्या बाजूला होता, आकडा तिला स्पष्ट दिसला असता. पण दगडाबाईनं तिकडं बघितलंच नव्हतं. ती पहिल्यापासून वीरेशच्या तोंडाकडं बघत उभी होती.

चिठ्ठी न घेताच तिनं रिकामा कॅन उचलला आणि लाइनीतून बाहेर पडली.